देवीला समदं दिसतं

आमच्या घरात देवी माळ्यावर राहायची. वर्षभर ती वेताच्या पाटीत, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, कडुलिंबाच्या पाल्यावर तोंड वर करून पडलेली असे. शेजारी बियाण्याची मडकी, पेरणीची एक मोडकी पाभर आणि आजोबांनी हौसेनं घेतलेली, पण कधी न उघडलेली छत्री. खाली आम्ही जेवायचो, भांडायचो, एकमेकींच्या झिंज्या ओढायचो. भांडण फार वाढलं की आई वर बोट करून म्हणायची, "हळू बोला गं, वर ऐकतीया." मग आमचा आवाज आपोआप खाली यायचा. दुसऱ्यांच्या घरी बापाचा धाक असतो, आमच्याकडं माळ्याचा होता. आबा बिचारे कुणाला धाक घालण्यातले नव्हतेच.

आमचं गाव अकोले तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. होळी झाली की आमच्याकडं बोहाड्याचे वेध लागत. ज्यांना बोहाडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गावातली माणसं देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून, संबळ-पिपाणीच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात वेशीपासून देवळापर्यंत नाचत येतात. एकेक सोंग एकेका घराचं असतं आणि ते बापाकडून लेकाकडं जातं. कुणाकडं गणपती, कुणाकडं सारजा म्हणजे सरस्वती, कुणाकडं दहा तोंडांचा रावण. आमच्याकडं देवीचं सोंग होतं, सगळ्यांत मानाचं आणि सगळ्यांत शेवटचं. रात्रभर बाकीचे नाचून घेत. ऊन वर आलं की देवी निघे, वाटेत लेकरांना कुंकू लावी, देवळापुढं म्हैसासुराला मारी आणि बोहाडा संपे.

देवी म्हणजे आमचे आबा. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि तरी ते म्हणायचं नसे. एरवी आबा म्हणजे अंगानं किरकोळ, कमी बोलणारे, बैलालासुद्धा "सरक की बाबा" म्हणणारे गृहस्थ. बोहाडा आला की ते एकवेळ जेवत, खाली घोंगडीवर झोपत आणि माळ्यावरून पाटी उतरवून ओसरीच्या कोपऱ्यात बसत. डिंकाचा आणि हळदीचा वास घरभर सुटायचा. कागदाच्या लगद्याचा तो जड मुखवटा ते मांडीवर घेत आणि बारीक कुंचल्यानं ओठ, नथ, भुवया पुन्हा उजळत. डोळे सगळ्यांत शेवटी. टपोरे, काळेभोर, घराच्या कुठल्याही कोपऱ्यात गेलं तरी आपल्याकडंच बघणारे. बायकांनी मुखवट्याला हात लावायचा नाही, हा कडक नेम. एकदा माझ्या धाकट्या बहिणीनं, चंपीनं, लांबूनच विचारलं, "आबा, आतून कसं दिसतं वं?" आबा हसले आणि म्हणाले, "देवीला समदं दिसतं."

सोंग निघालं की दोन दणकट गडी देवीला दोन्ही बाजूंनी धरून चालत. का धरतात, असं मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "वारं आवरत न्हाई तिचं. सोडलं तर कुठं जाईल सांगता यायचं न्हाई." मला ते पटलं. आबांच्या काटकुळ्या अंगात एवढं वारं मावतं याचा मला अभिमानच वाटायचा. शिवाय तोंडावर मुखवटा असताना त्यांना आबा म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची नाही. मारली तर देवी निघून जाते आणि आत माणूस रिकामा राहतो, असं म्हणत. रिकामा राहतो म्हणजे काय, ते मला कुणी सांगितलं नाही, पण त्या शब्दाची मला फार भीती वाटे.

मी हे सगळं का लिहायला बसले, तेही सांगून टाकते. मी आयुष्यभर शाळेत पोरांना शिकवलं आणि घरातली ही गोष्ट सोडून बाकी सगळं बोलले. गेल्या हिवाळ्यात माझा मुलगा विनू मला जपानला घेऊन गेला. तो तिकडं नोकरीला आहे. गुडघे दुखतात म्हणून त्यानं मला डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या एका गावी नेलं. तिथं जे झालं ते शेवटी सांगेन. आधी चंपी सांगायला हवी, कारण तिला ओळखणारं आता माझ्याशिवाय कुणी नाही.

चंपी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. गोल तोंड, पुढचे दोन दात पडलेले आणि बडबड अशी की आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड तर नाहीच, झोपही नाही. मी समजूतदार, म्हणजे घुमी. ती सगळ्या घराची लाडकी. आबा शेतावरून आले की पाय धुवायला पाणी तीच न्यायची आणि पाणी ओतता ओतता दिवसभराच्या साऱ्या चहाड्या सांगायची. आबा नुसते "व्हय का? बरं, बरं" म्हणत. पण चंपी कुठं गेली असली तर ते पाय न धुताच ओसरीवर बसून राहत, हे मी पाहिलेलं आहे.

त्या वर्षी बोहाड्याला पाहुणे लई आले होते. आईनं दोन दिवस पुरण वाटलं. पाट्याचा घरघर आवाज, चुलीवर सारात पडणारी फोडणी, अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर कावळे हाकलत बसलेल्या आम्ही दोघी. चंपी कावळ्यांनाही गोष्टी सांगे. संध्याकाळी पुरणपोळ्या झाल्या आणि चंपीनं गुळवणीत बुडवून इतक्या खाल्ल्या की मावशी म्हणाली, "आगं, पोट हाय का कणगी?" मग आम्ही सोंगं बघायला गेलो. रावण येऊन गेल्यावर चंपी पेंगायला लागली, म्हणून मी तिला घरी घेऊन आले. पाहुण्यांनी खाटा धरलेल्या, आम्ही भुईवरच गोधडी टाकली. डोळा लागतो न लागतो तोच ती म्हणाली, "आक्का, मुंगी चावली." मी म्हणाले, "झोप." तिनं पाय खाजवला आणि झोपली.

पहाटे ती पोट दुखतंय म्हणून उठली. आईनं ओवा दिला. पुरण बाधलं, असं सगळ्यांनीच म्हटलं, आणि ज्या पोरीनं आदल्या संध्याकाळी तेवढ्या पोळ्या खाल्ल्या तिच्याबद्दल दुसरं कोण काय म्हणणार? उजाडल्यावर आम्ही देवीची वाट बघत गल्लीत जाऊन उभ्या राहिलो. बोहाड्याची ती शेवटची सकाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे कळायचं नाही, पण त्या सकाळी अख्ख्या गावाच्या पापण्या जड असतात. रात्ररात्र जागलेली माणसं भिंतींना टेकून उभी, कुणी उभ्या उभ्या घोरतोय, बायका एकमेकींना चिमटे काढून जाग्या ठेवताहेत. त्यात चंपीच्या पापण्या मिटत होत्या. त्या वर उचलेनात म्हणून ती मान मागं टाकायची आणि फटीतून बघायची. बोलणं नाकातून यायला लागलं होतं. मावशीनं तिला गुळाचा चहा दिला तर तो ओठांच्या कडेनं खाली आला, गिळलाच नाही. सगळे हसले. "झोपंत च्या पेतीया बघा." मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते, त्या सकाळी.

तेवढ्यात संबळ कडाडला. देवी आली. हिरवं लुगडं, पाठीला बांधलेले लाकडी हात, त्या हातांत शस्त्रं, आणि दोन्ही बाजूंनी धरलेले गडी. बायका लेकरांना पुढं ढकलायला लागल्या. आईनं चंपीला पुढं केलं. देवीचा हात आला. तो हात मला ओळखू येत होता, नांगराच्या रुमण्यानं घट्टे पडलेला, कुंकवानं लाल झालेला. त्यानं चंपीची हनुवटी धरली आणि तोंड वर उचललं. चंपीचं तोंड पुरतं त्या हातात होतं, मुखवट्याचे ते मोठे डोळे सरळ तिच्याकडं लागलेले, मध्ये फार तर वीतभर अंतर. चंपी त्या नाकातल्या आवाजात म्हणाली, "आबा, मला दोन दोन दिसत्यात."

आईनं झटकन तिच्या तोंडावर हात दाबला. देवीला आबा म्हणायचं नसतं. संबळ कानाशी वाजत होता, मला ऐकू आलं ते मी अगदी चिकटून उभी होते म्हणून. देवीनं कुंकू लावलं, गड्यांनी तिला पुढं वळवलं आणि ती दुसऱ्या लेकराकडं गेली.

चंपी भिंतीला टेकून खाली बसली. आम्ही म्हैसासुराकडं बघत होतो. तो रेड्याची शिंगं हलवत, धूळ उडवत येतो, तेव्हा दुसरीकडं कुणाचं लक्ष राहत नाही. देवीनं त्याला मारलं, उदो उदो झाला, नारळ फुटले. मी चंपीला उठवायला गेले तर ती कलंडली. मग धावाधाव झाली. एका म्हाताऱ्यानं तिची पापणी वर केली, सोडली, ती तशीच पडली. त्यानं तिचे पाय बघितले आणि घोट्याजवळ बोट ठेवलं. "मन्यार," तो म्हणाला. सूज नाही, रक्त नाही, बारीक दोन ठिपके; या सापाचं विष आधी पापण्याच पाडतं. दूध घालायच्या जीपमध्ये तिला घातलं. आबा मुखवटा टाकून लुगड्यातच धावत आले, कपाळावर मळवट, पाठीला तुटका लाकडी हात लोंबणारा, आणि जीपच्या मागं लटकले. तिचा श्वास घाटातच संपला. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी धरली आणि मग आबांच्या अंगावरच्या लुगड्याकडं बघत राहिले, असं जीपवाला पुढं कितीतरी वर्षं सांगत असे. मण्यार दुसऱ्या दिवशी कणगीच्या मागं सापडली. माणसांनी ती मारली. त्यानं काय व्हायचं होतं?

आईनं आठवडाभर तोंडातून शब्द काढला नाही. मग एका दुपारी आबा जेवायला बसले असताना ती भाकरी वाढता वाढता म्हणाली, "हातात तोंड हुतं तुमच्या. दिसलं न्हाई व्हय?" आबांनी ताटावरचा हात काढला. त्या दिवसापासून हे वाक्य आमच्या घरात राहायला आलं. भांडणात यायचं, भांडण नसताना यायचं. चूल पेटली नाही तरी यायचं. "एवढ्या जवळनं! बापाला दिसू न्हाई?" आईच्या हाताबद्दल मात्र, तो चंपीच्या तोंडावर दाबलेला हात, त्याबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. आबांना ते ठाऊक होतं का, मला माहीत नाही. ठाऊक असतं तरी ते बोलले नसते. आईला रडू आलं की ती त्याच हातानं स्वतःचं तोंड दाबून धरायची.

मला वाटलं होतं आबा आता सोंग सोडतील. पण वर्ष सरलं, सुतक सरलं आणि त्यांनी पाटी खाली उतरवली. सोंग घराबाहेर जाऊ द्यायचं नसतं. आई त्या सकाळी गल्लीत आली नाही, आणि पुढं मरेपर्यंत एकदाही आली नाही. मी गेले. देवी आली, एका लेकराची हनुवटी धरली, कुंकू लावलं. आणि मग तिनं पूर्वी कधी न केलेली गोष्ट केली. दोन्ही अंगठे त्या लेकराच्या डोळ्यांवर ठेवले. पापण्या हलक्या हातानं चाचपल्या, एक, मग दुसरी, आणि लेकरानं पापण्या फडफडवल्यावरच हात काढला. दुसरं लेकरू, तिसरं लेकरू. एकालाही सोडलं नाही. सोंगाला उशीर व्हायला लागला, म्हैसासुर उन्हात ताटकळला, संबळवाल्यांचे हात भरून आले, पण गडी ओढत असतानाही देवी पुढच्या लेकराकडं जाईना.

गाव मोठं हुशार असतं. त्यानं दोन-तीन वर्षांतच याची गोष्ट करून टाकली. आमच्या गावची देवी डोळ्यांची देवी, तिनं पापण्यांना हात लावला की लेकराची नजर अधू होत नाही. शेजारच्या गावांतून बायका डोळे आलेली पोरं घेऊन यायला लागल्या. आबांनंतर चंपीच्या माघारी जन्मलेला माझा चुलतभाऊ सोंग घेतो, तोही अंगठे लावतो. त्याला विचारलं तर म्हणतो, "पयल्यापासनं रीत हाय." मी त्याला काही सांगितलेलं नाही.

पण मला त्या वेळी ते पाहून आबांचा राग आला होता. वाटायचं, तेव्हा दिसूनही कळलं नाही आणि आता टोचणी लागलीय म्हणून हे चाललंय. माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात मी गोठ्यात जाऊन त्यांना सरळ विचारलं. "आबा, खरं सांगा. तवा तुमाला चंपीचं डोळं दिसलं हुतं का?" ते बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ सोडत होते. बराच वेळ ती गाठ सुटेना. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "देवीला समदं दिसतं, इंदे." एवढंच. मी घरात निघून आले. नंतर त्यांच्याशी बोलले, बाळंतपणाला आले, त्यांच्या म्हातारपणी औषधं नेऊन दिली, सगळं केलं. पण ते वाक्य मनातून गेलं नाही. आधी आई गेली, मग काही वर्षांनी आबा. आई शेवटच्या दुखण्यातही एकदा म्हणालीच, हातात तोंड होतं.

आता जपानचं. त्या गावात रस्त्याच्या गटारातूनसुद्धा वाफ निघते आणि सगळीकडं अंडी उकडल्यासारखा वास. झऱ्यात उकडलेली अंडी विकतातही. झऱ्याच्या वर देवाचं ठाणं आहे, दाराला गवताचा जाडजूड दोर बांधलेला. संध्याकाळी तिथं लाकडी ओट्यावर गावची माणसं सोंगं घेऊन नाचतात, असं विनू म्हणाला. आम्ही चटईवर बसलो. ढोल आणि पावा सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. भाषा कळत नव्हती, पण मुखवट्याखालचं माणूस कसं चालतं ते मला कळत होतं. विनू कानाशी गोष्ट सांगत होता. एक म्हातारा आणि एक म्हातारी. त्यांना आठ मुली. आठ तोंडांचा एक साप दरवर्षी येतो आणि एकेक मुलगी नेतो. सात नेल्या, आता शेवटची उरलीय. पुढं एक देव येतो, सापाला दारू पाजून मारतो आणि मुलगी वाचते. तो साप मोठा देखणा होता, ओटाभर वेटोळी घालत होता, माझी सात वर्षांची नात ओवी टाळ्या पिटत होती. मी म्हाताऱ्याकडंच बघत होते. मुखवट्याला रडता येत नाही, म्हणून तो बाही उचलून लाकडी डोळ्यांपुढं धरत होता. मला वाटलं, ही रीत पहिल्यांदा कुणी पाडली असेल? त्या आधी त्याच्या घरी काय झालं असेल?

खेळ संपल्यावर नाचणाऱ्यांनी मुखवटे काढले आणि लेकरांना हातात घेऊ दिले. म्हाताऱ्याच्या सोंगातला माणूस खरोखरच म्हातारा होता, टपाल कचेरीतून निवृत्त झालेला. त्यानं माझ्यात काय बघितलं कोण जाणे, आपला मुखवटा दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी मागं सरकले. बायकांनी हात लावायचा नसतो. विनू म्हणाला, "आई, ते म्हणतायत लावून बघा. इथं चालतं." एवढं वय झाल्यावर मी पहिल्यांदा मुखवटा तोंडावर घेतला.

आत अंधार होता. माझ्याच श्वासाची वाफ, लाकडाचा आणि दुसऱ्याच्या घामाचा वास. बुबुळांच्या जागी सुई जाईल एवढी भोकं. त्यांतून समोरचं काहीच दिसेना. खाली बघितलं तर हनुवटीच्या फटीतून चटईचा एक तुकडा आणि माझेच मोजे. विनू कुठूनतरी म्हणाला, "आई, इकडं बघ, फोटो काढतो," आणि तो कुठल्या बाजूला आहे ते मला कळेना. तोल जायला लागला तेव्हा कुणीतरी दोन्ही बाजूंनी मला धरलं.

वारं आवरत नाही म्हणून नव्हे. दिसत नाही म्हणून धरतात. आबांना काही दिसलं नव्हतं. त्यांच्या हातात चंपीचं तोंड होतं आणि पुढं नुसता अंधार होता. आणि हे सांगायचं तर देवीला दिसत नाही असं म्हणावं लागलं असतं. ते त्यांना म्हणता आलं नाही. त्यांनी आईचं वाक्य जन्मभर ऐकून घेतलं, आणि दर वर्षी जमेल तेवढ्या लेकरांचे डोळे अंगठ्यांनी बघून घेतले.

ओवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली असावी. फटीतून तिचे पाय तेवढे दिसत होते. मी हात पुढं केला, तिची हनुवटी सापडली. तिचं तोंड माझ्या हातात आलं, गरम, गोल, हसणारं. माझे अंगठे आपोआप वर गेले. पापण्या फडफडल्या.

"आजी," ती म्हणाली, "तुला मी दिसते का?"

"नाही गं," मी म्हणाले. मुखवट्याच्या आत मी ते मोठ्यानं पुन्हा म्हणाले, "दिसत न्हाई गं आये, काही दिसत न्हाई." पण आईला जाऊन तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली होती.